श्वेत व्याघ्रांचा वारसा

उमरखेडहून समुद्र दिसत नाही. सरळ रेषेत मोजले तर पश्चिमेला सुमारे पाचशे किलोमीटरवर अरबी समुद्र आणि पूर्वेलाही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर बंगालचा उपसागर. हिंदुस्थानच्या पोटात, दोन्ही किनाऱ्यांपासून सारखेच दूर असलेले हे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि ऊस यांच्या भावात इथल्या माणसाचे सुखदुःख गुंतलेले असते. नौदल, विमानवाहू नौका, लढाऊ विमानांचे पथक हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात येण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी आहे. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धा नदीला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. म्हणजे उमरखेड परिसराचे पाणी शेवटी ज्या सागरात पोहोचते, त्याच सागरावरून १९७१ च्या डिसेंबरात भारतीय नौदलाची लढाऊ विमाने उडाली आणि एका नव्या राष्ट्राच्या जन्माला त्यांनी हातभार लावला. नदीला जे कळते ते नदीकाठच्या माणसाला कळू नये, असे नाही.

त्या विमानांचे पथक म्हणजे भारतीय नौदलाचे वायुपथक क्रमांक ३००. ‘व्हाइट टायगर्स’, अर्थात श्वेत व्याघ्र, या नावाने ते ओळखले जाते. स्वतंत्र भारताच्या नौदलाचे हे पहिले लढाऊ विमानपथक. जुलै १९६० मध्ये त्याची स्थापना झाली. त्याला आता पासष्ट वर्षे उलटून गेली आहेत. या काळात पथकाची विमाने दोनदा बदलली, ज्या नौकांवरून ती उडाली त्यांपैकी दोन भंगारात गेल्या, वैमानिकांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या. परंतु पथकाचा क्रमांक आणि व्याघ्राचे चिन्ह कायम राहिले. यंत्रे जातात, परंपरा राहते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. या परंपरेचा इतिहास अभिमानाने सांगण्याजोगा आहेच, पण त्यात एक बोचणारा प्रश्नही दडलेला आहे. तो टाळून केलेला गौरव अपुरा ठरेल.

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. सतराव्या शतकात दक्षिणेतल्या सुलतानांकडे प्रचंड फौजा होत्या, पण समुद्र मात्र फिरंग्यांच्या ताब्यात होता. आपल्याच किनाऱ्यावरून आपलीच गलबते हाकारायची तर पोर्तुगिजांकडून दस्तक विकत घ्यावे लागे. मोठमोठ्या सत्तांनी हा अपमान निमूटपणे गिळला, कारण त्यांची दृष्टी जमिनीच्या पलीकडे जात नव्हती. छत्रपती शिवाजी महाराजांनी मात्र आरमार उभारले, १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि किनाऱ्यावर जलदुर्गांची साखळी उभी केली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचा मान मिळाला, तो याच दृष्टीमुळे. पुढे कान्होजी आंग्रे यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनाही या सामर्थ्याचा प्रत्यय दिला. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी चौकट आली, तेव्हा एका विस्मृतीचे परिमार्जन झाले. ध्वजावरील चिन्ह बदलणे एका दिवसात होते. त्या चिन्हामागची दृष्टी अंगी बाणवायला मात्र पिढ्या खर्ची पडतात.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, भारताने ब्रिटनकडून एक अर्धवट बांधलेली विमानवाहू नौका विकत घेतली. दुसरे महायुद्ध संपल्यामुळे ‘हर्क्युलिस’ नावाची ही नौका अपुरीच पडून राहिली होती. बेलफास्टच्या गोदीत तिचे काम पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ या नावाने ती नौदलात दाखल झाली. नौका तयार होत असतानाच तिच्यासाठी वैमानिक घडवण्याचे काम ब्रिटनमध्ये सुरू होते. तिथेच लेफ्टनंट कमांडर बी. डी. लॉ यांच्या नेतृत्वाखाली श्वेत व्याघ्र पथक जन्माला आले. त्याला मिळालेले विमान होते ‘सी हॉक’. एका इंजिनाचे, एका वैमानिकाचे, ध्वनीहून कमी वेगाचे, पण काटक आणि विश्वासाचे.

नौकेवरून विमान उडवणे म्हणजे काय, हे जमिनीवरच्या माणसाने क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. जमिनीवरची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते आणि ती जागची हलत नाही. जुन्या विक्रांतची एकूण लांबीच सुमारे २१३ मीटर होती आणि विमान उतरत असताना ती पुढे सरकत असे, लाटांवर वरखाली होत असे. उड्डाणाच्या वेळी वाफेच्या दाबावर चालणारे यंत्र विमानाला गोफणीसारखे पुढे फेके. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकावा लागे. चाके टेकताक्षणी वैमानिक इंजिन मंद करीत नाही, उलट पूर्ण जोरात चालवतो. कारण आकडा तारेत अडकला नाही तर पुढच्याच क्षणी पुन्हा आकाशात झेपावे लागते, नाहीतर खाली समुद्र असतो. थांबण्याची तयारी आणि उडण्याची तयारी एकाच क्षणी करावी लागते, असे हे विलक्षण शास्त्र आहे. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर विमान उतरवले. असे करणारे ते पहिले भारतीय वैमानिक. हेच ताहिलियानी पुढे १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले.

विक्रांत नोव्हेंबर १९६१ मध्ये मुंबईला पोहोचली आणि पुढच्याच महिन्यात गोवामुक्तीची कारवाई झाली. विक्रांत तेव्हा गोव्यापासून दूर समुद्रात पहाऱ्यावर होती. तिच्या विमानांना हल्ला करण्याची वेळ आली नाही. पण त्या कारवाईने पथकाच्या इतिहासाला वेगळेच वळण दिले. पोर्तुगिजांनी दाबोळी येथे विमानतळ बांधला होता. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी त्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. दुसऱ्याच दिवशी साडेचारशे वर्षांची परकी राजवट संपली. पुढे दाबोळीचा तळ नौदलाकडे आला. तमिळनाडूतील सुलूर येथे स्थापन झालेला ‘हंस’ हा नौदलाचा हवाई तळ १९६४ मध्ये दाबोळीला हलला आणि श्वेत व्याघ्रांना कायमचे घर मिळाले. ज्यांनी समुद्रमार्गाने येऊन हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पाय रोवले, त्यांच्याच धावपट्टीवरून त्या समुद्राचे रक्षण करणारी भारतीय विमाने उडू लागली. काळाने उगवलेला हा सूड नव्हे, हा न्याय होय.

प्रत्येक परंपरेच्या वाट्याला निराशेचा एक काळ येतो. पथकाच्या वाट्याला तो १९६५ मध्ये आला. पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. पथकाची काही विमाने जामनगरला पाठवण्यात आली, पण त्यांना हल्ल्याची संधी मिळाली नाही. भूदल आणि वायुदल लढत असताना नौदलाला हात बांधून बसावे लागले, ही सल नौसैनिकांच्या मनात सहा वर्षे राहिली.

म्हणूनच १९७१ चे महत्त्व. त्या वर्षीही विक्रांत ठणठणीत नव्हती. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि त्यामुळे वेगावर मर्यादा आली होती. विमानवाहू नौकेच्या दृष्टीने वेग ही चैनीची गोष्ट नाही. नौका वाऱ्याच्या दिशेने जितकी वेगाने धावेल, तितका समोरून येणारा वारा विमानाच्या पंखांना आधार देतो. नौका मंद आणि वारा पडलेला असेल तर विमान उडवणेच धोक्याचे. अशा नौकेला युद्धात उतरवू नये, असे म्हणणारे होतेच. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांनी वेगळा निर्णय घेतला. १९६५ प्रमाणे ती पुन्हा बंदरात राहिली तर नौसैनिकांचे मनोबल खचेल, हे त्यांनी ओळखले. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या आधिपत्याखालील विक्रांतला पूर्वेकडे धाडण्यात आले.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक आहे. विक्रांतला बुडवण्यासाठी पाकिस्तानने आपली ‘गाझी’ ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठवली होती. व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास निर्माण केला आणि प्रत्यक्षात तिला अंदमानात दडवून ठेवले. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या समुद्रात बुडाली. ४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढवला. त्याच दिवशी चितगाव बंदरावर हल्ला झाला. त्यानंतरचे दिवस सी हॉक दिवसा आणि ‘अलिझे’ ही पाणबुडीविरोधी विमाने रात्री, असा मारा चालू राहिला. चितगाव, खुलना, मोंगला येथली बंदरे आणि तिथली जहाजे निकामी झाली. पूर्व पाकिस्तानातील फौजेला समुद्रमार्गे ना कुमक मिळाली, ना पळून जाण्याची वाट. १६ डिसेंबरला ढाक्यात झालेल्या शरणागतीमागे भूदलाचे अतुल शौर्य होते, तसाच समुद्राचा बंद केलेला हा दरवाजाही होता. विक्रांतवरचे एकही विमान शत्रूच्या माऱ्यात गमवावे लागले नाही. पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश या दोघांना महावीरचक्राने गौरवण्यात आले.

यातून घ्यायचा बोध साधनांच्या श्रीमंतीचा नाही. नौका जुनी, बॉयलर तडकलेला, विमाने ध्वनीहून मंद, जगाच्या बाजारात केव्हाच मागे पडलेली. परंतु ती हाताळणारे हात निष्णात होते आणि नेतृत्वाने धोका पत्करण्याचे धैर्य दाखवले होते. साधनांची उणीव निर्धाराने काही काळ भरून काढता येते. मात्र ती कायम निर्धारावरच भागवावी, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सैनिकाच्या शौर्याचा हवाला देऊन राज्यकर्त्यांनी आपले दुर्लक्ष झाकणे, हा त्या शौर्याचाच अपमान आहे.

१९७८ मध्ये सी हॉक विक्रांतवरून शेवटचे उडाले. त्यानंतर पथकाला मिळाले ‘सी हॅरियर’. इंजिनाचा झोत खाली वळवून जागच्या जागी उतरू शकणारे हे विमान त्या काळी एक आश्चर्य मानले जाई. भारताने त्याची मागणी १९७९ मध्ये नोंदवली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांच्या सी हॅरियरनी हवाई चकमकीत एकही विमान न गमावता अर्जेंटिनाची विमाने पाडली आणि भारताची निवड योग्य ठरली. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमाने ब्रिटनहून माल्टा, इजिप्त, दुबई असे टप्पे घेत गोव्यात उतरली. पथकाचे नेतृत्व तेव्हा कमांडर अरुण प्रकाश यांच्याकडे होते. १९७१ मध्ये वायुदलासोबत हंटर विमानातून लढून वीरचक्र मिळवलेला हा नौसैनिक पुढे २००४ मध्ये नौदलप्रमुख झाला. १९८७ मध्ये ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका आली आणि तिच्या डेकवर सी हॅरियरनी जवळजवळ तीन दशके काढली.

या तीन दशकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व प्रकार धरून सुमारे तीस सी हॅरियर भारताने घेतले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेले आणि अनेक उमदे वैमानिक प्राणांस मुकले. शत्रूची एकही गोळी न लागता हे घडले. विमान हाताळायला अवघड होते हे खरे, पण मूळ उत्पादक देशानेच ते २००६ मध्ये सेवेतून काढल्यावर सुटे भाग मिळवणे अधिकाधिक दुरापास्त होत गेले, हेही तितकेच खरे. भारतीय अभियंत्यांनी इस्रायली रडार आणि क्षेपणास्त्रे बसवून या विमानांना नवी दृष्टी आणि नवे दात दिले. तरीही ज्या कारखान्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे, त्याच्या यंत्रावर किती काळ विसंबणार? मे २०१६ मध्ये दाबोळी येथे सी हॅरियरला निरोप देण्यात आला. वर्षभरात, ६ मार्च २०१७ रोजी, विराटही निवृत्त झाली.

आता श्वेत व्याघ्रांच्या हाती रशियन बनावटीचे ‘मिग-२९ के’ आले. २००४ आणि २०१० च्या करारांनुसार भारताने अशी ४५ विमाने घेतली. ‘ब्लॅक पँथर्स’ हे ३०३ क्रमांकाचे नवे पथक मे २०१३ मध्ये गोव्यातच उभे राहिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘विक्रमादित्य’ नौदलात दाखल झाली. विमान वेगवान आणि बलवान, यात शंका नाही. परंतु नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये जे मांडले ते डोळ्यांत अंजन घालणारे होते. एकआसनी मिग-२९ के विमानांची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के एवढीच होती. मिळालेल्या ६५ इंजिनांपैकी ४० इंजिने रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढावी किंवा नाकारावी लागली होती. शंभर विमाने घेतली आणि त्यांतली साठ-सत्तर उडूच शकत नसतील, तर ती कागदावरची शक्ती होय. नोव्हेंबर २०२० मध्ये विक्रमादित्यवरून उडालेले एक मिग समुद्रात कोसळले आणि कमांडर निशांत सिंह यांना वीरमरण आले. अशा बातम्या वर्तमानपत्रांत दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी विरून जातात. त्या घरांतली पोकळी मात्र विरत नाही.

सी हॉक ब्रिटिश, सी हॅरियर ब्रिटिश, मिग रशियन. आणि २८ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या सुमारे ६३ हजार कोटी रुपयांच्या करारानुसार येणारी २६ ‘राफेल मरीन’ विमाने फ्रेंच. बोचणारा प्रश्न तो हाच. पासष्ट वर्षांत वैमानिक आपले, पराक्रम आपला, बलिदान आपले, पण विमान नेहमीच परक्याचे. राफेलची खरेदी चुकीची आहे, असे मुळीच नाही. मिगची अवस्था पाहता मधली पोकळी भरून काढणे अटळ होते आणि राफेलची गुणवत्ता वादातीत आहे. ही विमाने २०२८ पासून मिळू लागतील. पण राफेल हा मुक्काम समजला तर घात होईल. तो वाटेवरचा एक टप्पा समजला पाहिजे.

वाट कोणती, हेही या मातीतल्या माणसांनी दाखवून दिले आहे. तेजस विमानाच्या नौदलीय आवृत्तीचे पहिले उड्डाण एप्रिल २०१२ मध्ये झाले. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान विक्रमादित्यच्या डेकवर उतरवले. स्वदेशात रचलेले लढाऊ विमान नौकेवर उतरवण्याची करामत जगातल्या मोजक्याच देशांना साधली आहे. आणि ज्याचा आकडा त्या दिवशी तारेत अडकला, त्या वैमानिकाचे आडनाव ऐकून महाराष्ट्रातील किती शाळांत पेढे वाटले गेले? फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच विमान नव्या, स्वदेशी विक्रांतवर उतरले. स्वदेशी नौकेवर स्वदेशी विमान, हे स्वप्न त्या दिवशी प्रत्यक्षात आले.

इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. नौदलाने डिसेंबर २०१६ मध्येच स्पष्ट केले होते की, तेजस हे विमान नौकेवरून पुरेसा शस्त्रभार घेऊन लढण्याच्या कसोटीला उतरत नाही. एका इंजिनाची ताकद त्याला कमी पडते. हा नकार कठोर होता, पण योग्य होता. स्वदेशी आहे म्हणून उणे चालवून घेणे म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळणे. तेजसने नौदलाला लढाऊ विमान दिले नाही, पण विद्या दिली. आकडा, पाय, तार, डेकवरची उड्डाणगणिते ही विद्या आता आपल्या अभियंत्यांच्या हाती आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेजसच्या उड्डाणनियंत्रणावर तिथे काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांना परत पाठवले, तेव्हा तेच काम त्यांनी मायदेशी पूर्ण केले होते. दोन इंजिनांच्या नव्या नौदलीय लढाऊ विमानाचा आराखडा याच विद्येच्या पायावर उभा राहत आहे. त्याला वेळेवर मंजुरी, वेळेवर पैसा आणि मुख्य म्हणजे इंजिन मिळाले पाहिजे. स्वतःचे जेट इंजिन हा आपल्या स्वावलंबनातला सर्वांत दुबळा दुवा आहे. तो जोडला जात नाही तोवर विमानाचा सांगाडा स्वदेशी आणि काळीज परदेशी, अशीच स्थिती राहील.

नव्या विक्रांतचा अनुभव इथे मार्गदर्शक ठरावा. २६२ मीटर लांबीची ही नौका कोचीच्या गोदीत बांधली गेली. बांधणी सुरू करताना युद्धनौकेला लागणारे खास पोलाद परदेशातून मिळेनासे झाले. तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने ते विकसित केले आणि पोलाद प्राधिकरणाने भिलाई, बोकारो, राउरकेला येथे ते घडवले. यांपैकी एकाही ठिकाणाहून समुद्र दिसत नाही. विदर्भाच्या शेजारच्या भिलाईचे पोलाद आज समुद्रावर तरंगते आहे. सागरी सामर्थ्य किनाऱ्यावर दिसते, पण ते घडते अंतर्भागात, हे यावरून कळावे.

उमरखेडच्या शेतकऱ्याने यावर विचारावे, आणि त्याला तो अधिकार आहे, की यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी माणसे जीव देत असताना हजारो कोटींची विमाने कशासाठी? हा प्रश्न उर्मट म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्याचे उत्तर द्यावे लागेल. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मँचेस्टरला जात होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा इथले भाव आकाशाला भिडले आणि ते संपताच कोसळले. समुद्रापलीकडच्या घटनांनी वऱ्हाडची चूल पेटते आणि विझते, हे तेव्हापासूनचे सत्य आहे. आज शेतात पडणारे पोटॅश जवळजवळ सगळेच जहाजातून येते. ट्रॅक्टरच्या डिझेलचे कच्चे तेल बहुतांशी जहाजातूनच येते. देशाचा परदेश व्यापार आकारमानाने सुमारे ९५ टक्के समुद्रमार्गे होतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि मालवाहतुकीचे दर भडकले. त्या वेळी भारतीय नौदलाच्या युद्धनौका त्या परिसरात पहारा देत होत्या. खताच्या पोत्याची किंमत तालुक्याच्या दुकानात ठरत नाही, ती दूरच्या समुद्रातही ठरते. त्या समुद्रावर छत्र धरणारे विमान म्हणूनच शेतकऱ्याचेही आहे.

विमानवाहू नौकांचे दिवस संपले, दूरपल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्या त्यांना सहज टिपतील, असाही एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. धोका वाढला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चीन एकामागून एक विमानवाहू नौका बांधतो आहे, तो काही हौसेखातर नव्हे. मे २०२५ मध्ये ‘सिंदूर’ मोहिमेच्या काळात विक्रांतचा ताफा उत्तर अरबी समुद्रात उभा होता. गोळी न झाडताही समुद्रावरचे अस्तित्व काय साधते, हे त्या दिवसांनी दाखवले. ढाल जुनी झाली म्हणून टाकायची नसते, ती अधिक भक्कम करायची असते.

राहता राहिला स्मरणाचा प्रश्न, आणि इथे महाराष्ट्राने मान खाली घालावी अशी स्थिती आहे. १९७१ ची विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्या कायमच्या स्मारकाच्या घोषणा झाल्या, पक्ष बदलले, सरकारे बदलली, पण निधी उभा राहिला नाही. २०१४ मध्ये ती लिलावात विकली गेली आणि तोडली गेली. तिच्या धातूचा काही अंश पुढे एका मोटारसायकलमध्ये वापरला गेला. कदाचित तिचा एखादा कण आज उमरखेड-पुसद रस्त्यावरूनही धावत असेल. एखाद्या वीराच्या अस्थी पदपथावर विखुरल्या जाव्यात आणि लोकांनी त्याला जाहिरात समजावे, तसा हा प्रकार. पुढे विराटच्या नशिबीही अलंगची भंगारभूमीच आली. सिंधुदुर्गाच्या तटबंदीपुढे नतमस्तक होणाऱ्या समाजाने आपल्याच काळातले दोन तरंगते दुर्ग मोडीत जाऊ दिले, याची टोचणी राहिली पाहिजे.

गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो येथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक उभे आहे, अलिझे उभे आहे, सी हॅरियरही आहे. दर सुट्टीत महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे गोव्याला जातात. किनारे पाहतात, देवळे पाहतात आणि परततात. त्यांनी दोन तास या संग्रहालयासाठी राखून ठेवावेत. मुलांना त्या छोट्याशा विमानाजवळ उभे करावे आणि सांगावे की, तडकलेल्या बॉयलरच्या नौकेवरून हे उडाले होते आणि एकही विमान शत्रूला बळी न पडता परतले होते. उमरखेडमधल्या एखाद्या मुलीने त्या आकड्याकडे पाहून ‘हा आपल्याकडे बनतो का?’ असे विचारले, तर तो प्रश्न कोणत्याही भाषणाहून मोलाचा ठरेल. तिचे उत्तर ‘हो’ असावे, ही या पिढीची जबाबदारी आहे.

श्वेत व्याघ्रांनी पासष्ट वर्षे परक्याच्या पंखांवर आपला पराक्रम तोलून धरला. आता त्यांना स्वतःचे पंख देणे, एवढेच ऋण राष्ट्राने फेडायचे आहे.